सी मधले लूप: फेऱ्या मोजायला शिका

व्हेरिएबल, प्रिंटएफ, स्कॅनएफ इथपर्यंत सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा बहुतेकांना सोपी वाटते. घोडं अडतं ते लूपपाशी, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या मांडणीपाशी. फॉर, व्हाइल आणि डू-व्हाइलची मांडणी तोंडपाठ असते, जर्नलमध्ये प्रोग्रॅम उतरवून झालेले असतात, तरी प्रॅक्टिकलला थोडा वेगळा प्रश्न आला की हात थांबतो. याचं कारण एकच: मांडणी पाठ केलेली असते, पण फेऱ्या कधी मोजलेल्या नसतात. प्रत्येक लूप लिहिण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. दर फेरीत नेमकं काय बदलतं? आणि त्या बदलामुळे अट कधी ना कधी खोटी होणार आहे का? पुढचं सगळं या दोन प्रश्नांभोवतीच फिरतं.

एक सूचना आधीच. इथे कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत लिहिला आहे. कंपायलरला इफ, फॉर, व्हाइल हे शब्द इंग्रजी लहान अक्षरांतच लागतात आणि आकडेही इंग्रजीच लागतात. चिन्हं मात्र जशी दिसतात तशीच टाइप करा.

सुरू करण्याआधी काय हवं

- जीसीसी किंवा क्लँग कंपायलर. विंडोजवर मिनजीडब्ल्यू सोबत येणारं कोडब्लॉक्स पुरतं, लिनक्सवर जीसीसी पॅकेज मॅनेजरमधून मिळतं. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये क्लँग चालतो.
- कंपाइल करताना दोन पर्याय नेहमी चालू ठेवा: डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा (टाइप करताना आधी वजा चिन्ह, मग मोठा डब्ल्यू, पुढची अक्षरं लहान, मध्ये रेघ नाही). खाली सांगितलेल्या बऱ्याच चुका कंपायलर स्वतःच दाखवतो, पण हे पर्याय दिले तरच.
- वही आणि पेन्सिल. ड्राय रन, म्हणजे दर फेरीत व्हेरिएबल्स किती होतात ते हाताने उतरवणं, स्क्रीनवर होत नाही, कागदावर होतो.

अनेक कॉलेजांत अजून टर्बो सी हा जुना कंपायलर चालतो. तो १६ बिटच्या काळातला आहे. ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून चालवावा लागतो. तिथे इंट फक्त ३२,७६७ पर्यंत जातो. आजच्या नेहमीच्या कंपायलरवर तो २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो. घरी बरोबर आलेलं उत्तर लॅबमध्ये चुकतं, त्यामागे पुष्कळदा हाच फरक असतो.

१. आधी अट नीट लिहा

सीसाठी शून्य म्हणजे खोटं आणि शून्य सोडून काहीही म्हणजे खरं. उणे एकसुद्धा खरं. तुलनेचं उत्तर १ किंवा ० येतं. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढच्या तीन सापळ्यांपैकी पहिले दोन का तयार होतात ते आपोआप कळेल.

पहिला सापळा, इफ (ए = ५). इथे तुलना होतच नाही. ए मध्ये ५ भरले जातात, कंसाची किंमत ५ होते आणि अट कायम खरी ठरते. तुलनेला दोन बरोबर चिन्हं लागतात: ए == ५. डब्ल्यू-ऑल दिलं असेल तर कंपायलर इथे हटकून टोकतो.

दुसरा, गणिताच्या वहीतल्यासारखी अट: ० < मार्क < १०. सी हे डावीकडून सोडवते. आधी ० < मार्क, त्याचं उत्तर ० किंवा १. मग ते उत्तर १० पेक्षा लहान आहे का, तर नेहमीच आहे. मार्क ५०० असला तरी अट खरी. बरोबर लिहायचं तर दोन अटी 'आणि'च्या चिन्हाने जोडा: मार्क > ० && मार्क < १०.

तिसरा, फ्लोट किंवा डबलवर == किंवा != लावणं. ०.१ ही संख्या बायनरीमध्ये नेमकी बसत नाही. डबलमध्ये ०.१ दहा वेळा मिळवलं तर १ येत नाही, १ पेक्षा अगदी किंचित कमी येतं. म्हणून "एक्स १.० होईपर्यंत" असा लूप १.० ओलांडून पुढे जातच राहतो. फेऱ्या इंटने मोजा आणि लूपच्या आत त्या इंटला १०.० ने भागून दशांश काढा.

&& बद्दल एक चांगली गोष्ट: डावी बाजू खोटी निघाली तर उजवी तपासलीच जात नाही. ॲरेत शोधताना याचा फायदा घ्या. आय < एन && ए[आय] != शोध, याच क्रमाने लिहा. क्रम उलटा केलात तर शेवटच्या घरापलीकडचं आधी वाचलं जाईल आणि हद्द नंतर तपासली जाईल.

२. फेऱ्या आधीच माहीत असतील तर फॉर

पाढे, ॲरे (एकाच नावाची ओळीने घरं), १ ते एन ची बेरीज, फॅक्टोरिअल (१ ते एन चा गुणाकार) ही सगळी फॉरची कामं. फॉरच्या कंसात तीन भाग असतात आणि त्यांच्यात दोन सेमीकोलन येतात.

```
फॉर (आय = १; आय <= १०; आय++)
{
    आउटपुट: ५ * आय
}
```

चालण्याचा क्रम असा: सुरुवात एकदाच. मग अट. खरी असेल तर महिरपी कंसातला मजकूर. मग आय++, म्हणजे आय एकने वाढतो. मग परत अट. अट एकूण ११ वेळा तपासली जाते, आतला मजकूर १० वेळा चालतो आणि लूप संपल्यावर आय ११ असतो. व्हायवाला हे विचारतात. प्रोग्रॅममध्येही लूपनंतर आय वापरायचा असेल तर ही ११ ची गोष्ट विसरून चालत नाही.

सर्वात छळणारी चूक म्हणजे फॉरच्या कंसानंतर पडलेला सेमीकोलन. त्या एका चिन्हामुळे लूपचं शरीर रिकामं होतं. दहा रिकाम्या फेऱ्या होतात, मग महिरपी कंसातला मजकूर एकदाच चालतो, तोही आय ११ असताना. पाचाच्या पाढ्याऐवजी स्क्रीनवर एकटा ५५ आला, तर सरळ त्या सेमीकोलनकडे बघा. व्हाइलनंतर असाच सेमीकोलन पडला तर प्रोग्रॅम पुढे सरकतच नाही, कारण काउंटर वाढवणारी ओळ लूपच्या बाहेर राहते.

ॲरे पाच घरांचा असेल तर घरं ० ते ४. म्हणून अट आय < ५ अशी लिहा. आय <= ५ लिहिलंत तर सहावं घर वाचलं जातं, जे तुमचं नाहीच. सी इथे तुम्हाला अडवत नाही. कधी कचरा आकडा दिसतो, कधी दुसरंच व्हेरिएबल बदलतं, कधी सगळं बरोबर चालल्यासारखं वाटतं. तिसरी शक्यता सर्वात धोक्याची, कारण चूक तशीच सबमिट होते.

बेरीज = ० आणि गुणाकार = १ हे लूपच्या आधी भरायला विसरू नका. लोकल व्हेरिएबलमध्ये सी स्वतःहून शून्य भरत नाही, आत गार्बेज असतं. फॅक्टोरिअलमध्ये गुणाकार ० पासून सुरू केला तर उत्तर कायम ० येतं.

फॅक्टोरिअलचं अजून एक. ३२ बिटच्या इंटमध्ये १२ चं फॅक्टोरिअल, ४७,९०,०१,६००, बसतं. १३ चं ६,२२,७०,२०,८०० आहे, ते बसत नाही. ओव्हरफ्लो झाल्यावर काय व्हावं हे सीचं स्टँडर्ड ठरवूनच देत नाही. पण बहुतेक मशीनवर १,९३,२०,५३,५०४ असा आकडा येतो. तो धन आहे, मोठा आहे आणि दिसायला अगदी खरा वाटतो. टर्बो सीमध्ये ही हद्द ७ वरच संपते. ८ चं ४०,३२० व्हायला हवं, तिथे सहसा उणे २५,२१६ येतं. लाँग लाँग हा ६४ बिटचा पूर्णांक घेतलात तर २० पर्यंत चालेल.

उलटी मोजणी करताना काउंटर अनसाइन्ड ठेवू नका. अनसाइन्ड संख्या शून्याखाली जातच नाही, त्यामुळे आय >= ० ही अट कधीच खोटी होत नाही. ० नंतर ३२ बिटमध्ये ४,२९,४९,६७,२९५ येतो आणि लूप सुरूच राहतो.

फॉरच्या कंसातच इंट आय = १ असं लिहायची सोय सी ९९ पासून आहे. टर्बो सीमध्ये सीच्या फाइलला ते चालत नाही. तिथे आय वर जाहीर करा. नव्या पद्धतीत तो आय लूपच्या बाहेर दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

३. फेऱ्या माहीत नसतील तर व्हाइल

संख्येत किती अंक आहेत हे आधी कळत नाही, म्हणून अंकांची बेरीज व्हाइलने:

```
बेरीज = ०;
व्हाइल (एन > ०)
{
    अंक = एन % १०;
    बेरीज = बेरीज + अंक;
    एन = एन / १०;
}
```

% १० शेवटचा अंक देतो आणि / १० तो अंक उडवतो, कारण इंटच्या भागाकारात अपूर्णांक टाकून दिला जातो. आता वही घ्या. एन = ४०७२ धरून ड्राय रन करा:

- फेरी १: एन ४०७२, अंक २, बेरीज २, नंतर एन ४०७
- फेरी २: एन ४०७, अंक ७, बेरीज ९, नंतर एन ४०
- फेरी ३: एन ४०, अंक ०, बेरीज ९, नंतर एन ४
- फेरी ४: एन ४, अंक ४, बेरीज १३, नंतर एन ०

पाचव्यांदा अट तपासली, ० > ० खोटं, लूप संपला. उत्तर १३. तिसऱ्या फेरीकडे जरा थांबून बघा. अंक शून्य आला तरी लूप थांबला नाही, कारण अट एनवर आहे. नवखे इथे अट अंक != ० अशी लिहितात आणि ४०७२ चं उत्तर ९ काढतात. ४५६ वर तपासलं तर ही चूक दिसतच नाही. म्हणून चाचणीला मधोमध शून्य असलेली संख्या घ्या.

याच सांगाड्यावर उलटी संख्या, पॅलिंड्रोम (उलटी केली तरी तीच राहणारी संख्या) आणि आर्मस्ट्राँग (अंकांच्या घातांची बेरीज स्वतःएवढी येणारी संख्या) उभे राहतात. उलटी संख्या काढायला बेरजेच्या ओळीऐवजी उलट = उलट * १० + अंक. मात्र लूप संपेपर्यंत एन शून्य झालेला असतो. पॅलिंड्रोम तपासताना तुलना मूळ संख्येशी करायची असते, तेव्हा लूपच्या आधी तिची प्रत दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. ही एक ओळ राहिली की १२१ सुद्धा "पॅलिंड्रोम नाही" म्हणून बाहेर येतो.

ऋण संख्येचं काय? उणे २५ दिले तर एन > ० पहिल्यांदाच खोटं ठरतं आणि बेरीज ० येते. अट एन != ० केलीत तर बेरीज उणे ७ येते, कारण सीमध्ये उणे २५ % १० म्हणजे उणे ५. सुरुवातीलाच संख्या धन करून घेणं हा सरळ उपाय.

४. एकदा तरी चालायलाच हवं, तिथे डू-व्हाइल

वरच्याच लूपने अंक मोजायला घ्या आणि इनपुट ० द्या. व्हाइल एकदाही चालणार नाही आणि उत्तर "० अंक" येईल, जेव्हा शून्य ही एका अंकाची संख्या आहे. डू-व्हाइल अट शेवटी तपासतं, म्हणून पहिली फेरी हमखास होते आणि उत्तर १ येतं. दोन लूपमधला फरक सांगा असं विचारलं तर हे उदाहरण द्या, व्याख्येपेक्षा चटकन पटतं.

मेनू दाखवणारे प्रोग्रॅमही डू-व्हाइलचेच, कारण मेनू आधी दिसायला हवा. इथे शेवटच्या व्हाइलच्या कंसानंतर सेमीकोलन लागतोच. एरवी टाळायचा तो सेमीकोलन इथे मात्र सक्तीचा.

५. ब्रेक आणि कंटिन्यू

ब्रेक लूपमधून बाहेर काढतं. कंटिन्यू चालू फेरी अर्धवट सोडून पुढच्या फेरीला जातं. फॉरमध्ये कंटिन्यू आधी आय++ करतं, मग अट बघतं. व्हाइलमध्ये मात्र ते थेट अटीवर उडी मारतं. तुमची आय++ कंटिन्यूच्या खाली असेल तर ती राहून जाते, आय तोच राहतो आणि प्रोग्रॅम तिथेच गरगरतो. व्हाइलमध्ये कंटिन्यू वापरायचं असेल तर काउंटर त्याच्या आधी वाढवा, नाहीतर सरळ फॉर घ्या.

ब्रेकचं उत्तम उदाहरण म्हणजे मूळ संख्या. एकही भाजक सापडला की पुढे शोधायची गरज उरत नाही.

```
मूळ = १;
इफ (एन < २)
    मूळ = ०;
फॉर (आय = २; आय <= एन / आय; आय++)
{
    इफ (एन % आय == ०)
    {
        मूळ = ०;
        ब्रेक;
    }
}
```

शोध वर्गमुळापर्यंतच पुरतो. संख्येचे दोन भाजक जोडीने येतात आणि जोडीतला एक वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. ९७ साठी २ ते ९६ असे ९५ भाग देण्याऐवजी २ ते ९ असे ८ पुरतात. अट आय * आय <= एन अशी लिहिली तरी चालते, पण एन फार मोठा असेल तर गुणाकार ओव्हरफ्लो होऊ शकतो. भागाकारात ती भीती नाही.

इथे ठरलेली चूक म्हणजे इफला एल्स जोडून त्यात "मूळ आहे" असं छापणं. मग ९१ साठी २ ने भाग गेला नाही की लगेच "मूळ आहे" येतं, खरं तर ९१ = ७ × १३. भाजक सापडला तर निकाल लगेच देता येतो. नाही सापडला हे मात्र सगळ्या फेऱ्या संपल्यावरच कळतं. निकाल लूपच्या बाहेर छापा. आणि एन < २ ची ओळ गाळू नका, नाहीतर १ मूळ ठरेल.

६. स्विच

स्विच एका किमतीवरून अनेक पर्यायांतला, म्हणजे केसमधला, एक निवडतो. केस जुळला की तिथून खाली सगळं चालत सुटतं, ब्रेक भेटेपर्यंत. कॅल्क्युलेटरमध्ये बेरजेच्या (+) केसचा ब्रेक राहिला तर बेरजेपाठोपाठ वजाबाकीही छापली जाते. जीसीसीमध्ये डब्ल्यू-एक्स्ट्रा याची सूचना देतो. केसपुढे फक्त पूर्णांक स्थिरांक किंवा एकेरी अवतरणातलं एक अक्षर चालतं. स्ट्रिंग चालत नाही, दशांश चालत नाही, व्हेरिएबलही चालत नाही.

लूपच्या आत स्विच असेल तर नीट लक्ष द्या. "बाहेर पडा" या केसमधला ब्रेक फक्त स्विचमधून बाहेर काढतो, मेनूचा लूप चालूच राहतो. म्हणून बाहेर पडायची अट डू-व्हाइलच्या शेवटी ठेवा: व्हाइल (पर्याय != ०);. कंटिन्यूला मात्र स्विच दिसत नाही, ते थेट लूपला लागू होतं.

७. लूपमध्ये लूप

ताऱ्यांचे पॅटर्न पाठ करू नका, सूत्र काढा. ५ ओळींचा पिरॅमिड घ्या आणि वहीत ओळ, मोकळ्या जागा, तारे असे तीन रकाने आखा. पहिल्या ओळीत ४ जागा, १ तारा. दुसरीत ३ आणि ३. तिसरीत २ आणि ५. पाचवीत ० आणि ९. म्हणजे आय व्या ओळीत जागा ५ - आय आणि तारे २ * आय - १. बाहेरचा लूप ओळींचा. आत दोन लूप, एकाखाली एक: पहिला जागांचा, दुसरा ताऱ्यांचा. नवी ओळ या दोघांनंतर, पण बाहेरच्या लूपच्या आतच. ती चुकून ताऱ्यांच्या लूपमध्ये गेली तर तारे एकाखाली एक उभे दिसतात. आउटपुट बघून चूक कुठे आहे ते लगेच ओळखता येतं.

आतल्या लूपला जे, बाहेरच्याला आय. दोन्हीकडे आयच वापरला तर आतला लूप बाहेरच्याचा काउंटर बिघडवतो. प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांची वेगवेगळी बेरीज करायची असेल तर बेरीज = ० ही ओळ बाहेरच्या लूपच्या आत, आतल्याच्या आधी हवी. ती सगळ्यांच्या वर राहिली तर दुसऱ्या विद्यार्थ्याच्या बेरजेत पहिल्याचे गुण मिसळतात.

ब्रेक फक्त सर्वात आतल्या लूपमधून काढतो. दोन्हीतून एकदम बाहेर पडायचं असेल तर तो भाग वेगळ्या फंक्शनमध्ये टाका आणि रिटर्न वापरा. थेट ठरावीक ओळीवर उडी मारणाऱ्या गोटूनेही हे होतं आणि अशा एखाद्या ठिकाणी अनुभवी लोक तो वापरतातही. पण नवख्याने फंक्शनचीच सवय लावून घ्यावी, कोड वाचणाऱ्याला ते सोपं जातं.

८. लूपमध्ये स्कॅनएफ

संख्या मागितली आणि वापरणाऱ्याने अक्षर दिलं, तर स्कॅनएफ ते अक्षर उचलतच नाही. ते इनपुटमध्येच पडून राहतं. पुढच्या फेरीत तेच अक्षर पुन्हा समोर येतं आणि मेनू स्क्रीनवर धावत सुटतो. स्कॅनएफ किती किमती वाचल्या ते परत देतं. एक संख्या मागितली असेल तर उत्तर १ आहे का ते तपासा. नसेल तर गेटचार या एकेक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनने ओळ संपेपर्यंतची अक्षरं वाचून टाका. गेटचारचं उत्तर चार या अक्षरासाठीच्या प्रकारात घेऊ नका, इंटमध्ये घ्या, कारण इनपुट संपल्याची खूण म्हणून येणारा ईओएफ त्या प्रकारात नीट ओळखता येईलच असं नाही.

संख्येनंतर अक्षर वाचायचं असेल तर आधीच्या एंटरचं चिन्ह तुमच्या अक्षराच्या जागी वाचलं जातं आणि प्रोग्रॅम प्रश्न न थांबताच ओलांडतो. टक्के-सीच्या आधी, अवतरणाच्या आतच, एक मोकळी जागा सोडा. तेवढ्याने काम होतं.

९. लूप थांबतच नसेल तर

कंट्रोल आणि सी दाबून प्रोग्रॅम थांबवा. टर्बो सीमध्ये कंट्रोल आणि ब्रेक. मग लूपच्या पहिल्या ओळीत काउंटर आणि अटीतली व्हेरिएबल्स छापा, प्रत्येक वेळी नव्या ओळीवर. नवी ओळ नसेल तर आउटपुट बफरमध्ये अडकून राहू शकतं आणि तुम्हाला वाटेल लूप सुरूच झाला नाही. पहिल्या चार-पाच ओळी वाचा. आकडा तोच राहिला असेल तर वाढवणारी ओळ चुकते आहे. आकडा अटीपासून दूर पळत असेल तर ++ आणि -- ची अदलाबदल झाली आहे, किंवा < आणि > ची. आकडा बरोबर सरकून हद्द ओलांडून जात असेल तर अटीत != आहे का ते बघा. आय != १० आणि पाऊल ३ चं असेल तर ०, ३, ६, ९, १२ असं होऊन १० कधी लागतच नाही. तिथे < लिहा.

प्रोग्रॅम थांबतो पण उत्तर चुकतं, तर चार इनपुट द्या: ०, १, एक ऋण संख्या आणि तुम्हाला चालणारी सर्वात मोठी संख्या. त्यातल्या एकावर तो घसरला की त्याच इनपुटचा ड्राय रन वहीत उतरवा. शेजारी छापलेलं आउटपुट ठेवा आणि दोन्ही ओळीओळीने जुळवत जा. जिथे ओळी पहिल्यांदा वेगळ्या होतात, चूक त्याच फेरीत असते.